नोएलाची उसनवारी

माझ्या डोक्यातून मुलीच्या गावची नदी जात नाही. भाजी चिरताना, शेतात कोनफळाच्या वेलाला काठी लावताना, अगदी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाही मला वाटतं, आता या क्षणी नोएला पाण्यात उभी असेल.

आमच्या लिफू बेटावर नदी नाही. साधा ओढासुद्धा नाही. पाऊस पडला की पोवळ्याच्या खडकात जिरतो आणि उरलेला टाकीत साठवून आम्ही वर्षभर पितो. नोएला समुद्रात माशासारखी पोहते, पण समुद्राचं एक बरं असतं, तो केव्हा चढणार आणि केव्हा उतरणार हे आधी ठरलेलं असतं. नदीचं तसं नाही. वर डोंगरात कुठे पाऊस पडला तर खाली लख्ख उन्हात ती येऊन माणूस नेते. हे मी कुठे वाचलं ते मला आठवत नाही, पण वाचलंय नक्की. मी रोज फोन करून विचारते, "नदी कशी आहे?" आणि ती म्हणते, "आहे जागेवर. तुझीच चौकशी करत होती." आता तर तिला पाचवा महिना लागलाय.

नोएला माझी एकुलती एक मुलगी. जावई पासिल पाळक आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेने दोघांना मोठ्या बेटावर, पूर्व किनाऱ्यावरच्या नेमारा गावात पाठवलं. निकेलच्या खाणीचं गाव. लाल माती, लाल धूळ, वाळत घातलेली चादरही संध्याकाळपर्यंत लाल. लोक ताहितीहून आलेले, वालिसहून आलेले, कुणाचे आजोबा जावाहून आलेले, काही तिथलेच जुने गोरे. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, म्हणून सगळा व्यवहार फ्रेंचमध्ये. तिथलं चर्च नऊ वर्षं बंद होतं.

आमच्या बेटावरून धर्म शिकवायला पलीकडे जाणं ही काही नवी गोष्ट नाही. माझे पणजोबा सव्वाशे वर्षांपूर्वी होडीतून गेले होते आणि दर नाताळला आम्ही त्यांचं नाव मोठ्या अभिमानाने घेतो. पण पणजोबांचा अभिमान वेगळा आणि पोटची पोर वेगळी.

तशी ही पोर या कामाची नव्हतीच. लहानपणी शेजारी मीठ मागायला पाठवलं तर पाच मिनिटांनी रिकाम्या हाताने यायची आणि म्हणायची, "त्यांच्याकडचं संपलंय." मी नंतर शेजारणीला विचारलं तर ती म्हणायची, "तुमची नोएला? ती कुठे आली होती? कुंपणाशी उभी होती मघाशी, आमचा कुत्रा बघत." कुणाकडे काही मागायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. पासिलने लग्नाचं विचारलं तेव्हाही, तो सांगतो, तिने मान हलवली ती होकाराची की माशी हाकलण्याची हे त्याला दोन दिवस कळलं नाही.

नेमाराला पोचल्यावर पहिला प्रश्न पडला तो आत शिरायचा. आमच्यात परक्या ठिकाणी गेलं की आधी तिथल्या मुखियापुढे कापडाची घडी ठेवायची, मान खाली घालून चार शब्द बोलायचे, त्याने घडी उचलली की मग पाऊल टाकायचं. हे दोघे दरीतल्या जुन्या वस्तीत गेले, तिथल्या मुखियापुढे रीतसर सगळं केलं. पण खाली खाणकामगारांच्या गावाला मुखियाच नाही. पासिल म्हणाला, "मग परवानगी कुणाकडे मागायची? विचारल्याशिवाय चर्चचं दार कसं उघडणार?" नोएला म्हणाली, "मुखिया नाही तर प्रत्येक घर मुखिया." आणि माझ्याकडून नेलेल्या फुलाफुलांच्या कापडाच्या घड्या घेऊन दोघे दारोदार निघाले.

पहिलं घर फेर्नांचं. हा सत्तरीचा गोरा म्हातारा, खाणीत ट्रक चालवून निवृत्त झालेला, एकटा राहणारा. दोघांनी माना खाली घालून बोलायला सुरुवात केली तोच तो म्हणाला, "नको, नको. शिवणारी गेली माझी, सहा वर्षं झाली. मी कापड घेऊन काय करू?" आणि दार लावलं. दुसरं घर तेउराचं. ही ताहितीची, खाणीच्या भोजनघरात स्वयंपाक करणारी, आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची. तिने घडी उलगडली, उजेडात धरली आणि विचारलं, "याच्यात लाल नाही का? निळं मला खुलत नाही." आठवडाभरात गावभर झालं की लिफूचं एक जोडपं कापड विकत फिरतंय, माल बरा आहे, पण भाव सांगत नाहीत आणि भाषण फार करतात.

पहिल्या रविवारी उपासनेला एकटी तेउरा आली. तीही निळं बदलून लाल घ्यायला. पण तोवर गाणं सुरू झालं होतं, आणि दोनच माणसं चार सुरांतलं गाणं दोन सुरांत म्हणताहेत हे काही तिला पाहवेना. ती मागच्या बाकावरून तिसरा सूर लावून मोकळी झाली. पुढच्या रविवारीही आली. लाल कापड तिला अजून मिळालेलं नाही.

बाकी कुणी येईना. नोएला मला तेव्हा फोनवर म्हणाली होती, "आई, आपण द्यायला गेलो की लोक दार लावतात." मी म्हटलं, "मग या परत." तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने काय केलं ते मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

आता माझी करणी सांगते.

यंदा त्या दोघांची तीन वर्षं संपली. वार्षिक सभा या शनिवारी आहे आणि तिथे ठरणार, त्यांनी नेमारालाच राहायचं की दुसरीकडे जायचं. आमच्या शेजारच्या गावातल्या मंडळीची पाळकाची जागा रिकामी झाली आहे. चारशे माणसं, पक्कं घर, माझ्या दारापासून चालत वीस मिनिटं आणि एकही नदी नाही. मी सरळ माझ्या धाकट्या भावाकडे गेले. जोने सभेत बसतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो नोएलाचा मामा आहे. मुलाचा श्वास मामाकडून येतो असं आम्ही मानतो. नाव ठेवणं असो, लग्न असो, माती देणं असो, मामाशिवाय काही हलत नाही. मामाने उभं राहून सांगितलं की पोरीला घरी आणा, तर सभेत दुसरं कुणी तोंड उघडणार नाही.

जोने शेतात होता. मी म्हटलं, "तू बोल सभेत."

"तिला विचारलंस का, ताई?"

"तिला काय विचारायचं? ती नाही म्हणेल."

"मग हे विचारल्यासारखंच झालं की!"

"तू मामा आहेस की वकील?"

तो हसला. मग कुदळ टेकवून म्हणाला, "हे बघ, मी एकदा उभा राहिलो की मागे नाही घेणार. मामाचा शब्द एकदाच पडतो. तुझी खात्री आहे ना?"

"माझी खात्री नसायला काय झालं? मी आई आहे तिची."

"तेच म्हणतोय," तो म्हणाला. पण कबूल झाला.

आणि गेल्या आठवड्यात मी नेमाराला गेले. वरवर बाळंतपणाआधीची भेट, पण खरं म्हणजे सामान किती आहे, बांधायला किती दिवस लागतील ते पाहायला. दोन रिकाम्या बॅगा एकात एक घालून नेल्या होत्या.

बस फाट्यावर थांबली तर एक जुना ट्रक उभा. आतून म्हाताऱ्याने डोकं काढलं. "कापडवालीच्या आई का?"

मी म्हटलं, "मी पाळकीणबाईंची आई आहे."

"तेच ते. चढा."

हाच फेर्नां. वाटेत नदी आली. पूल नाही, दगडांवरून ट्रक घालायचा. मी दाराची कडी घट्ट धरली आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणायला लागले. तो म्हणाला, "बाई, डोळे मिटून नदी आटत नसते. आणि ही तर आटलेलीच आहे." उघडून पाहिलं तर पाणी चाकाच्या निम्म्यालाही नव्हतं. एक कोंबडी काठाकाठाने चालली होती.

"पावसाळ्यात?" मी विचारलं.

"पावसाळ्यात मी थांबवतो तुमच्या मुलीला. ऐकत नाही, पण थांबवतो. मग मीच नेतो."

घरी पोचले. नोएलाचं पोट पाहून रडले, पासिलची वर आलेली हाडं पाहून त्याला रागावले आणि स्वयंपाकघरात शिरले. फळीवर अकरा पातेली. त्यांतलं एकही मी दिलेलं नाही. तीन खवण्या. कुणाची तरी लोखंडी कढई. बांबूची चाळणी. दोन हातोड्या, एक पहार, कोपऱ्यात शिलाईयंत्र आणि त्यावर कुणाचा तरी भला मोठा चहाचा थर्मास.

"हे कुणाचं गं?"

"लोकांचं."

"लोकांचं म्हणजे?"

"उसनं आणलंय," नोएला म्हणाली, जसं काही मीठ आणलं म्हणावं तसं. "तू बस ना, आई. दमली असशील."

मी बसले, पण मला घास गेला नाही. पाळकाच्या घरात अकरा उसनी पातेली! तीन वर्षांत परत न केलेली! आमच्या गावात कुणाची सुई राहिली तर मी दुसऱ्या दिवशी सोबत चार केळी घालून पाठवते. मला वाटलं, या गावाने पोरीला इतकं बिघडवलं. आणि मनातल्या मनात जोनेची पाठही थोपटली.

शुक्रवारी दोघे वर दरीतल्या जुन्या वस्तीत एका आजाऱ्याला भेटायला गेले. संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मी पदर खोचल्यासारखा झगा कमरेशी बांधला, सगळी भांडी राखेने घासून चकचकीत केली आणि मागे पडलेल्या ढकलगाडीत रचली. तेउराच्या दारात जाऊन कोणतं कुणाचं ते विचारून घेतलं.

तेउरा गाडीकडे पाहत राहिली. "सगळंच?"

"सगळंच. माफ करा, फार उशीर झाला."

"ही ढकलगाडी कुणाची आहे माहितीये का?"

तीही उसनीच निघाली.

तिने एक एक घर सांगितलं, पण तिचा तो मोठा आवाज कुठे गेला कळेना. मी घरोघर फिरले. मला वाटलं होतं लोक खूश होतील. कुणी खूश झालं नाही. वालिसची एक बाई कढई हातात घेऊन दारातच उभी राहिली, आत न्यायचं विसरून गेली. शेवटी फेर्नांकडे पहार घेऊन गेले. तिला मी तेल लावून पुसलं होतं.

"ही पण?" तो म्हणाला.

"तुमचीच ना?"

"माझीच." त्याने ती दोन्ही हातांत आडवी घेतली, मेलेली कोंबडी घ्यावी तशी, आणि दार लावलं.

शनिवारी उजाडता उजाडता दारावर थाप पडली. तेउरा उभी होती, हातात ते मोठं पातेलं. नोएलाने दार उघडताच तिने पातेलं तिच्या पोटापासून हातभर अंतरावर आपटलं. "जायचं होतं तर तोंडाने सांगायचं होतंस, पोरी!"

"कुठे जायचं?"

"मला काय विचारतेस? सगळ्या गावाची भांडी परत करतेस आणि मला विचारतेस?"

"कुठली भांडी?" नोएलाने मागे वळून फळीकडे पाहिलं. रात्री कंदिलाच्या उजेडात तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी आपली घासून देऊन आले. शोभतं का पाळकाच्या घरात?"

ती हसायला लागली. इतकी हसली की पोट धरून बाकावर बसली, आणि पासिल पाणी घेऊन धावला. "आई," ती म्हणाली, "अगं, तू माझी अख्खी मंडळी ढकलगाडीत घालून परत करून आलीस!"

तेव्हा मला सगळं कळलं. त्या पहिल्या महिन्यात चर्चचं गंजलेलं दार उघडेना म्हणून ती फेर्नांकडे गेली होती, या वेळी कापडाशिवाय, रिकाम्या हाताने, आणि पहार मागितली होती. ज्याने कापड नाकारलं त्याने पहार दिली, वर स्वतः येऊन दार उचकटून दिलं. दुसऱ्या दिवशी ती पहार न्यायला आला आणि कॉफी पिऊन पहार विसरून गेला. नोएलाच्या लक्षात आलं की घेणाऱ्याला कुणी दार लावत नाही. मग ती प्रत्येक घरी काही ना काही मागायला लागली. एकीकडे पातेलं, एकीकडे खवणी. परत करायची नाही. ज्याला हवं तो येऊन नेतो, येतो तेव्हा बसतो, बसला की बोलतो, आणि जाताना दुसरं काहीतरी ठेवून जातो. कुणाचा नवरा पितो, कुणाचा मुलगा फोन करत नाही, हे सगळं त्या फळीसमोर उभं राहून बोललं गेलं. जिच्याच्याने लहानपणी मीठ मागवत नव्हतं, तिने सबंध गावाकडे मागितलं होतं.

"तुला जमलं कसं?" मी विचारलं.

"पहिल्या वेळी फेर्नांच्या कुंपणाशी अर्धा तास उभी होते," ती म्हणाली. "त्याच्याकडे कुत्राही नव्हता बघायला."

नऊ वाजेपर्यंत अंगण भरलं. प्रत्येकाच्या हातात काल दिलेली वस्तू. जो तो मला बोलत होता. तेउरा म्हणाली, "आजीबाई, माझ्या पातेल्याचं बूड एवढं चकचकीत कधीच नव्हतं. आता मला ते माझं वाटतच नाही, तुम्हीच ठेवा." वालिसची बाई सरळ आत जाऊन कढई फळीवर आपल्या जागी ठेवून आली.

सगळ्यांत शेवटी फेर्नां आला. पहार खांद्यावर. तो पायरीवर चढला नाही. खालूनच म्हणाला, "पाळकीणबाई, जाणार असाल तर तुम्ही सांगा. पहारीकडून निरोप पाठवायचा नाही."

"आम्ही कुठेही जात नाही," नोएला म्हणाली. "अजून तीन वर्षं इथेच ठेवा असा अर्ज केलाय आम्ही सभेकडे. पुढच्या शनिवारी ठरेल."

अर्ज! मला या अर्जाचा पत्ताच नव्हता. ते पक्कं घर, ती वीस मिनिटं, जोनेचा शब्द, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि मी खवणी पुसायला लागले. ती आधीच पुसलेली होती.

"आणि बाळ?" फेर्नांने विचारलं.

"बाळ इथेच. त्यावरून आठवलं, तुमच्या शेडमध्ये एक पाळणा आहे म्हणे. उसना मिळेल का?"

म्हातारा खोकला. त्याची दोन्ही मुलं त्या पाळण्यात वाढली आणि दोघंही आता राजधानीत, नुमेआत असतात, येत नाहीत, हे मला नंतर तेउराने सांगितलं. तो म्हणाला, "त्याचा एक पाय हलतो."

"मग हातोडी आहे ना आमच्याकडे. तुमचीच."

"ती तुमच्या आईने परत केली."

"मग घेऊनच या."

रविवारी उपासनेला एकोणीस माणसं होती. मी मोजली. फेर्नां आत येत नाही, तो नऊ वर्षं बंद असलेल्या देवावर अजून रुसलेला आहे. तो बाहेर ट्रकमध्ये काच खाली करून बसतो आणि पासिलचं प्रवचन लांबलं की एकदा हॉर्न वाजवतो. पासिलने त्या दिवशी दोन हॉर्न खाल्ले. गाणं मात्र चारही सुरांत झालं. आमच्याकडच्या चारशे माणसांसारखं नाही झालं. तेउरा सगळ्यांच्या वर जाते आणि जावाच्या आजोबांचा नातू शब्द खातो. पण नोएला पुढे उभी राहून हाताने ताल देत होती, एक हात पाठीला लावून, आणि तिचं तोंड मी इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या चर्चमध्ये ती खांबाआड बसायची.

बसपाशी तिने माझ्या बॅगा उचलल्या. "या रिकाम्याच आहेत की!"

"तुला काही द्यायचं असलं तर म्हणून आणल्या," मी म्हटलं.

तिने विश्वास ठेवला. माझी मुलगी माझ्यावर विश्वास ठेवते. मग म्हणाली, "आई, मामाला सांग हं, सभेत आमच्या अर्जाबद्दल बोल म्हणावं. मामा बोलला की झालं. मला काळजीच नाही."

"सांगते," मी म्हटलं.

त्याला आज चार दिवस झाले. मी सांगितलेलं नाही. जोने काल भेटला, म्हणाला, "भाषण पाठ झालंय, ताई. डुकरांपुढे म्हणून पाहिलं, त्यांना पटलं." मी हसले आणि घरी आले. मी स्वतःला सांगत राहिले की अजून वेळ आहे. मग म्हटलं, सभाच काय ते ठरवेल. मग म्हटलं, दवाखाना दोन तासांवर आहे, बाळ नोव्हेंबरात येणार आणि पाऊस तेव्हाही येऊ शकतो, म्हातारा ट्रकवाला किती दिवस पुरणार. यातलं एकही खोटं नाही. पण मी तिला "सांगते" म्हटलं होतं, तेही खोटं असून चालणार नाही.

शनिवारी जोने उभा राहील. तो एकदा उभा राहिला की मागे घेणार नाही, आणि नोएला मामापुढे एक शब्द बोलणार नाही. ती बॅगा भरेल. ती येईल, चारशे माणसांत खांबाआड बसेल आणि मी रोज तिला पाहीन. मला तिचं तोंड दिसेल, पण रविवारी पाहिलं ते दिसणार नाही.

उद्या पहाटे जोने होडी घेऊन बाहेर पडतो, मग तो परवा सभेतच भेटणार, सगळ्यांसमोर. आत्ता तो झोपला असेल. उठवलं की आधी विचारेल, कोण मेलं? मग कळल्यावर म्हणेल, "मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, ताई," आणि हे वाक्य मला पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात ऐकावं लागेल. ऐकेन. लहानपणापासून त्याच्यासमोर मी चुकले असं कधी म्हटलेलं नाही, म्हणून ते शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले. म्हणता येतात. आता त्याला फोन लावते.